खाऱ्या दर्यात गोड्या विहिरी



मागे एकदा याच पानावर डोंगरी किल्ल्यांवरच्या टाक्यांबद्दल लिहिले होते. डोंगराच्या टोकावर पाणी टिकवणे अवघड खरेच; पण चोहोबाजूंनी खारे पाणी असताना मध्ये गोडे पाणी राखणे त्याहून अवघड. असा एक किल्ला यंदाच्या मार्गशीर्षात पुन्हा पाहून आलो. मालवणचा सिंधुदुर्ग. पूर्वी दोनदा पाहिला होता, तो डोळ्यांनी. या खेपेला गरजेने पाहिला.

त्याचे असे झाले. आमची आक्का मालवणच्या पलीकडे समुद्रकाठच्या एका गावात दिलेली आहे. घराच्या मागे वीस-बावीस गुंठ्यांची वाडी, माड आणि सुपारी, मध्ये आजेसासऱ्याच्या वेळची चिरेबंदी विहीर. सुगी आटोपून आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. पहिल्याच सकाळी चहा आला तो फुटलेला. आक्का कानकोंडी झाली. म्हणाली, "दूध चांगलं आहे रे. पाणीच असलं झालंय." चव घेऊन पाहिली तर मचूळ. दाजींनी मला वाडीत नेले. माड अजून तग धरून होते, पण सुपारीच्या झावळ्यांची टोके करपून तांबडी पडली होती. पाच वर्षांपूर्वी विहिरीवर तीन हॉर्सपॉवरचा पंप बसवला. पहिली दोन वर्षे आनंदात गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात पाणी आटू लागले आणि चौथ्यात बिघडले.

दाजींचा बेत ठरलेला होता. विहिरीत सुरुंग लावून आणखी पंधरा फूट खाली जायचे, म्हणजे खालचे चांगले पाणी लागेल. त्यासाठी पन्नास हजार कमी पडत होते. ते त्यांनी माझ्याकडे हातउसने मागितले. मेहुण्याला नाही म्हणता येत नाही आणि पटत नसताना हो म्हणवत नाही. मी म्हटले, "दाजी, उद्या किल्ल्यावर जाऊन येऊ. मग बोलू." ते हसले. "पाव्हणं, किल्ला काय मी पाहिला नाही?" पण आले.

मालवणच्या धक्क्यावरून होडी सुटते. अंतर म्हणाल तर अर्धा मैलही भरायचे नाही, पण होडी सरळ जात नाही. मधल्या पाण्यात खडकच खडक. काही दिसतात, काही भरतीला बुडतात. आमच्या तांडेलाला मी म्हटले, "जरा जपून हो." तो म्हणाला, "खडपां खंय असत ता माका ठावक असा. तुम्ही फकस्त बसान रवा." आम्ही बसून राहिलो. आणि ध्यानात आले की किल्ल्याचा पहिला तट हाच. माणसाने न बांधलेला. परक्याचे जहाज आत घुसले तर आपल्याच वजनाने फुटायचे, आणि इथल्या कोळ्याची होडी मात्र डोळे मिटून जाणार. जागा निवडणाऱ्याने ही गोष्ट आधी हेरली होती.

जागा निवडली स्वतः शिवाजी महाराजांनी. त्या वेळी या किनाऱ्यावर गर्दी फार होती. खाली गोव्यात पोर्तुगीज, शेजारी वेंगुर्ल्याला डच वखार, वर जंजिऱ्यात सिद्दी. जमिनीवरची लढाई जिंकली तरी समुद्र दुसऱ्याचा राहिला तर बंदराची जकातही दुसऱ्याची आणि किनाऱ्यावरची रयतही भयाखाली. कल्याण-भिवंडी हाती आल्यावर महाराजांनी गलबते बांधायला घेतली, पण गलबतांना आसरा हवा. मालवणसमोरचे कुरटे बेट त्यांच्या नजरेत भरले. किनाऱ्यावर एका खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत. लोक त्याला मोरयाचा धोंडा म्हणतात. तिथे पूजा करून २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मुहूर्ताचा चिरा बसवला. म्हणजे आम्ही गेलो तोच मार्गशीर्ष महिना.

पुढची तीन वर्षे कशी गेली ते आठवून पाहा. फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज याच मालवणातून आरमार घेऊन खाली कर्नाटकात बसरूरवर गेले. परत येतात तोवर मिर्झाराजा जयसिंग पुरंदराला भिडलेला. जून १६६५ मध्ये तह झाला आणि २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले. १६६६ च्या उन्हाळ्यात महाराज आग्र्याला, तिथे नजरकैद, ऑगस्टात सुटका. एवढ्या उलथापालथीत कुरटे बेटावरचे काम चालूच राहिले आणि १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. आपल्याकडे घराचे काम काढले आणि धनी चार दिवस परगावी गेला तर गवंडी पाचव्या दिवशी येत नाही! इथे धनी शत्रूच्या कैदेत आणि चुन्याच्या घाण्या फिरताहेत. मला या किल्ल्याचे सगळ्यात मोठे नवल तेच वाटते. बांधकामाचे प्रमुख म्हणून हिरोजी इंदुलकरांचे नाव सांगतात. पुढे रायगडाचे कामही त्यांच्याच हातचे, आणि तिथे जगदीश्वराच्या पायरीवर त्यांनी आपले नाव कोरून ठेवले आहे. पायरीवर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याचे पाय लागतील तिथे.

होडी अगदी जवळ जाईपर्यंत किल्ल्याला दरवाजा दिसत नाही. नुसता काळा तट. दाजी म्हणाले, "लहानपणी मला वाटायचं, होडी आता भिंतीवरच आपटणार." दोन भरभक्कम बुरूज एकमेकांच्या आड असे घेतले आहेत की त्यांच्या बगलेत दरवाजा लपून जातो. बुरुजांमधून वळून गेलो की मग तो समोर येतो. या तऱ्हेला गोमुखी म्हणतात. बसलेल्या गाईने मान वळवून घ्यावी तशी वाट. वळणामुळे दोन गोष्टी साधतात. समुद्रातून तोफ डागली तर गोळा दाराला लागत नाही. आणि शत्रू दारापर्यंत आलाच तरी धावत येऊन ओंडक्याची धडक द्यायला त्याला जागा नाही, वरून मात्र तटावरच्या जंग्यांतून त्याच्या डोक्यावर मारा. दरवाजा ओलांडला की देवड्या, आणि जवळच मारुती.

बेट सुमारे ४८ एकरांचे. तट त्याच्या कडेने नागमोडी फिरत जातो. लांबी जवळजवळ दोन मैल, उंची ३० फुटांच्या घरात, रुंदी १२ फूट. आपली बैलगाडी आरामात वरून जाईल. बुरूज चाळीसच्या वर आहेत. पोरे विचारतात, तट सरळ का नाही बांधला, दगड वाचला असता. बांधावर उभे राहून पाहणाऱ्या शेतकऱ्याला याचे उत्तर लवकर कळेल. सरळ बांधावर उभे राहिले तर बांधाच्या बुडाशी कोण बसला आहे ते दिसत नाही. बांध वाकडा असला तर एका वळणावरून दुसऱ्या वळणाचे बूड दिसते. शत्रू तटाला शिड्या लावायला आला की शेजारच्या बुरुजावरून तो बगलेतून टिपला जातो. शिवाय लाटेचा हिशेबही त्यात आहे. सरळ लांब भिंतीवर लाट एकदम आदळते, वळणावळणाच्या भिंतीवर ती फुटून विखुरते. बेटाच्या खडकाची जशी कड, तशीच भिंत नेल्यामुळे पायाही सगळीकडे खडकावरच बसला.

पायात पाच खंडी शिसे घातले अशी परंपरा सांगते. शिशाला लोखंडासारखा गंज चढत नाही, म्हणून खाऱ्या पाण्यात ते टिकते. पण माझ्या मते खरी करामत चुन्याची. त्या काळी चुना बाजारातून गोणीत येत नसे. चुनखडी किंवा शिंपल्या भट्टीत भाजायच्या, पाण्याने विझवायच्या, मग वाळू घालून घाणीत मळायच्या. घाणी म्हणजे गोल चर आणि त्यात फिरणारे दगडी चाक, चाकाला बैल. जितके जास्त फेरे तितका चुना चिवट. म्हणजे महाराजांच्या मावळ्यांनी किल्ले राखले हे जसे खरे, तसे असल्या किल्ल्यांच्या भिंती बैलांनी मळल्या हेही खरे, आणि ते कुणी सांगत नाही. चुना हळूहळू हवेतला वायू शोषून पुन्हा दगडासारखा होत जातो. त्याला थोडी लवचीकताही असते. सिमेंट कडक, पण खाऱ्या हवेत आतले लोखंड गंजले की फुगते आणि तडकते. म्हणून जुना तट दुरुस्त करायचा तर चुन्यानेच करावा, असे त्यातले जाणकार सांगतात.

लाकडाचे काय केले असेल, असे दाजींनी विचारले. कारण त्यांच्या वाडीच्या कडेला दोन जुने फणस आहेत आणि गिऱ्हाईक हिंडते आहे. याचे उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मिळते. पंतांनी महाराजांच्या वेळचा कारभार पाहिलेला होता, आणि १७१५ च्या सुमारास त्यांनी राज्य कसे चालवावे ते लिहून ठेवले. त्यात आरमाराच्या प्रकरणी झाडांची गोष्ट आहे. सागासारखे लाकूड परवानगीने तोडून आणावे, कमी पडल्यास विकत घ्यावे. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लेकरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर धन्याच्या दुःखाला पार राहत नाही. एखादे झाड जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन मग तोडावे. जबरदस्ती करू नये. किल्ला कुठे बांधावा याबद्दल लिहितानाही पंत आधी पाणी पाहायला सांगतात, मग बाकीचे.

आता पाण्याकडे येतो. त्यासाठीच तर दाजींना नेले होते.

किल्ल्यात तीन विहिरी. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. नावे ठेवणाऱ्याच्या जिभेला काय वाटले असेल ते नावांतच कळते. तटाबाहेर लाट आपटते आहे, तिचे तुषार अंगावर येताहेत, आणि आत कळशी बुडवली की गोडे पाणी. आम्ही गेलो तेव्हा एक म्हातारीशी बाई पाणी काढत होती. किल्ल्यात अजून मोजकी घरटी राहतात, जुन्या सेवेकऱ्यांच्या वंशातली. तिने दाजींच्या ओंजळीत पाणी घातले. दाजींनी घोट घेतला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा ओंजळ पुढे केली. मग दोराकडे पाहत त्यांनी विचारले, "विहीर खोल किती?" बाई म्हणाली, "खोल कित्याक व्हयी? पाणी वरच असा."

दाजी गप्प झाले. मी तेव्हाच बोललो नाही. तटाच्या सावलीला बसून भाकरी सोडली आणि मग जमिनीवर काडीने रेघोट्या ओढून सांगितले. वाचकांपैकी ज्यांची जमीन खाडीकाठी किंवा समुद्रकाठी आहे त्यांनीही हे नीट वाचावे.

किल्ल्यातले गोडे पाणी समुद्रातून येत नाही, पाताळातूनही येत नाही. ते पावसाचे. एक एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारे एक लाख लिटर पाणी झाले. मालवणच्या बाजूला वर्षाला शंभर इंचांच्या वर पाऊस पडतो. ४८ एकरांचा हिशेब करा, ४८ कोटी लिटर होतात! त्यातले पुष्कळसे वाहून समुद्रात जाते, काही झाडे पितात, काही उन्हाने उडते. तरी थोडे मुरतेच. मुरलेले पाणी खाली जाते तो खाली समुद्राचे खारे पाणी खडकाच्या भेगांतून आणि वाळूतून आलेलेच असते. पण दोन्ही लगेच मिसळत नाहीत. खारे पाणी जड. लिटरभर गोडे पाणी हजार ग्रॅम भरले तर तेवढेच समुद्राचे पाणी हजार पंचवीस ग्रॅम भरते. म्हणून दुधावर साय धरावी तसे गोडे पाणी खाऱ्यावर तरंगत राहते.

याचा एक हिशेब शास्त्रज्ञांनी बांधलेला आहे. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या पातळीपेक्षा एक फूट वर असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. जमीन सगळीकडे सारखी नसते, खडक कुठे फुटका कुठे सलग, त्यामुळे आकडा पुढेमागे होतो. पण चाल हीच. आता उलट बाजू पाहा. पंप लावून तुम्ही ती पातळी एक फूट खाली ओढली, तर खालून खारे पाणी हळूहळू चाळीस फूट वर यायला बघते. विहिरीच्या बरोबर खाली त्याचा उंचवटा तयार होतो, वारुळासारखा. तो विहिरीच्या तळाला टेकला की पाणी मचूळ झाले.

"म्हणजे मी पंधरा फूट खाली गेलो तर..." दाजी म्हणाले.

"खाऱ्याला आपण होऊन भेटायला गेलात."

पन्नास हजारांचा प्रश्न तिथेच सुटला असे मी म्हणणार नाही. माणूस ठरवलेला बेत एका घोटात सोडत नाही. परतताना होडीत ते म्हणत होते की किल्ल्याची गोष्ट वेगळी, तिथे पंप नव्हता. मी म्हटले, तेच तर. तिथे कळशीने काढतात. कळशीने पाणी काढले की विहीर श्वास घेते, पुन्हा भरते. गोड्याची साय मोडत नाही. पंपाने तासाभरात ती चाटून पुसून नेली. शिवाय किल्ल्यातल्या बांधणाऱ्यांनी विहिरी खोल नेण्याचा हट्ट धरला नाही. जिथे पाणी मिळाले तिथे थांबले. आपल्या देशावर पाणी आटले की खोल जा हे आपण शिकलो. समुद्रकाठी ती शिकवण उलटी पडते. तिथे उथळ, रुंद विहीर, थोडा थोडा उपसा, आणि पावसाळ्यानंतर वरच्या अंगाच्या ओहोळावर बांध घालून पाणी मुरवणे, हा मार्ग. खाडीकाठच्या गावांनी खारबांध का राखायचे तेही यातच आले. एकदा बांध फुटून खारे पाणी शेतात बसले की ते धुऊन जायला पावसाळे लागतात.

किल्ल्यातल्या बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. मधोमध शिवराजेश्वराचे देऊळ आहे. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये ते बांधले. आतली महाराजांची मूर्ती आपल्या चित्रांतल्यासारखी नाही. दाढी नाही, डोक्यावर दर्यावर्दी वळणाची टोपी. देशावरची मंडळी पाहून जरा बुचकळ्यात पडतात. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "इथे आले तेव्हा इथल्यासारखे झाले असतील." पुढचा सभामंडप विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी बांधला. दरवाजाजवळ तटावर लहान घुमट्या आहेत, त्यांत चुन्यात उमटलेले हाताचे आणि पायाचे ठसे. ते महाराजांचे, अशी श्रद्धा. लोक तिथे वाकतात. आक्काने आपला तळवा त्यावर न टेकवता वर धरून पाहिला आणि म्हणाली, "केवढासा हात." महादेवाच्या देवळात आतच एक विहीर आहे. तटाच्या पोटात शौचकूप काढले आहेत, साडेतीनशे वर्षांपूर्वी! एका बाजूला छोट्या दारातून बाहेर पडले की वाळूचा चिमुकला किनारा लागतो, त्याला राणीची वेळा म्हणतात. ताराबाई तिथे स्नानाला जात असे सांगतात. इथला दोन फांद्यांचा माड पूर्वी फार प्रसिद्ध होता. माडाला फांदी फुटत नाही हे पोरालाही ठाऊक, म्हणून लोक मुद्दाम पाहायला येत. पुढे त्याच्यावर वीज पडली.

एकट्या सिंधुदुर्गावर भिस्त ठेवलेली नव्हती. जवळच पद्मगड हे छोटे बेट, किनाऱ्यावर राजकोट, थोडे वर सर्जेकोट. गडी एकटा उभा करायचा नाही, दोन्ही खांद्यांना माणसे द्यायची.

पुढे मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्यावर हा किल्ला कोल्हापूरकरांकडे राहिला. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. पण समुद्रातला किल्ला पोसणे म्हणजे पांढरा हत्ती. उत्पन्न थोडे, खर्च फार. पुढच्याच वर्षी त्यांनी कोल्हापूरच्या जिजाबाईंशी तह केला, तीन लाख ब्याऐंशी हजारांवर रुपयांची बोली करून घेतली आणि किल्ला परत दिला. त्यांचे ते नावही त्यांच्याबरोबर गेले. मालवणात कुणाच्या तोंडी बसले नाही. १८१२ च्या तहाने मात्र मालवण आणि किल्ला कायमचा इंग्रजांकडे गेला, आणि गलबतांचे दिवस सरले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले तेव्हा दक्षिणेकडच्या नव्या जिल्ह्याला या किल्ल्याचेच नाव दिले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. ११ आपल्या महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. सिंधुदुर्ग त्यांत आहे. आनंदाची गोष्ट. पण तटावरून फिरताना आनंदाबरोबर काळजीही वाटते. दगडांच्या सांध्यांत वड-पिंपळाची रोपे धरली आहेत. आज बोटाएवढे असलेले मूळ दहा वर्षांत मनगटाएवढे होते आणि दोन माणसांना न उचलणारा दगड सहज बाजूला सारते. समुद्राच्या अंगाला काही ठिकाणी तट ढासळला आहे. किल्ला केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे, त्यांचे नियम आहेत, आपण हाताने काही उपटू-जोडू नये. पण दगडावर नावे कोरणाऱ्या पोरांचा कान धरायला कोणत्या खात्याची परवानगी लागत नाही. आमच्यासमोर दोघे जण खिळा घेऊन बसले होते. दाजींनी तो काढून घेतला आणि विचारले, "घर कुणी बांधलं रे तुमचं? बापानं? मग त्याच्या भिंतीवर लिहा जा."

परतीच्या होडीतून समोर राजकोट दिसतो. तिथे ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी महाराजांचा पुतळा बसवला होता. तो २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. नऊ महिने टिकला नाही. २०२५ मध्ये तिथे नवा पुतळा उभा राहिला आहे, तो टिको. आमच्या होडीत त्यावरून वाद सुरू झाला, याचा दोष की त्याचा. तांडेल काही बोलला नाही. त्याने फक्त वल्हे सोडून एकदा मागे तटाकडे बोट केले आणि पुन्हा वल्हे धरले.

ज्यांना जायचे असेल त्यांनी दिवाळीनंतर जावे. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो, होड्या बंद असतात. सकाळी लवकर निघावे, पोटाला घरची भाकरी न्यावी, प्लास्टिक परत आणावे. मालवणच्या या पाण्यात प्रवाळ आहे, १९८७ पासून हा भाग सागरी अभयारण्य आहे. तेव्हा समुद्रात काही फेकू नये. म्हाताऱ्या माणसांनी तटावर चढताना जिन्याच्या पायऱ्या जपून चढाव्यात, त्या उंच आहेत.

दाजींनी शेवटी सुरुंग लावला नाही. दोन दिवस रुसले, मग गावातल्या चार पोरांना घेऊन वाडीच्या वरच्या ओहोळावर रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. ओहोळाला त्या वेळी करंगळीएवढी धार होती. पंप आता सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास, मध्ये बंद. सुपारीची सतरा झाडे तरीही गेली. ती वाचणार नव्हतीच.

परवा आक्काचा फोन आला. चैत्राचे ऊन, मला वाटले आता काय ऐकायला मिळते. म्हणाली, "पाणी अजून मचूळच लागतं रे. पण चहा फुटत नाही."